आयसीयूतून घरी आलेल्या माणसाला परत उभं करायचं कसं

डिस्चार्ज झाला, गाडी दारात आली, भाकरतुकडा ओवाळून टाकला की घरातल्या सगळ्यांना वाटतं सुटलो बाबा एकदाचे. मग दोन दिवसांत कळतं की माणूस घरी आलाय खरा पण त्याला स्वतःच्या मनानं कूस बदलता येत नाही, ग्लास धरला की हात थरथरतो, रात्री दचकून उठतो, कालचं सांगितलेलं आज आठवत नाही, आणि जो माणूस कधी मोठ्या आवाजात बोलला नाही तो लेकरांवर खेकसतो. घरचे घाबरतात, नाहीतर उलट म्हणतात की हा मुद्दाम करायलाय, अंग चोरायलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात घरी जाऊन पेशंट बघते, आणि हे दोन्ही प्रकार घराघरात बघते. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच असा पेशंट येतोय त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितेय, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा.

आधी समजून घ्या, झालंय काय

आयसीयूत माणूस वाचतो पण शरीर त्याची मोठी किंमत मोजतं. पडून राहणं, अंगातलं इन्फेक्शन, झोपेची औषधं, पोटात नीट अन्न नाही, या सगळ्यामुळं स्नायू भराभर झिजतात. लंडनमधल्या पेशंटवरचा एक अभ्यास २०१३ साली छापून आला होता, त्यात पहिल्या १० दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सरासरी १७-१८ टक्के कमी झालेला दिसला. म्हणजे काल-परवापर्यंत शेतात चालणारा माणूस आज पलंगावरून उठू शकत नाही यात त्याचा काहीच दोष नाही, ज्या मांडीनं उठायचं ती मांडीच गेलेली असते.

शरीराची कमजोरी, विचार आणि आठवणीतला गोंधळ, आणि मनावरचा ताण, हे तिन्ही मिळून डॉक्टर लोक पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात पिक्स. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०१० च्या बैठकीत हे नाव ठरलं आणि त्यात घरच्यांना होणारा त्रासही धरलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बरं व्हायला किती दिवस लागतील असं प्रत्येक जण विचारतो. काहींना महिना-दोन महिने, जास्त दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्यांना सहा महिने, वर्ष, कधी त्याच्याही पुढं. पण रोज थोडं काम करून घेतलं तर फरक पडतो आणि नुसतं पडून ठेवलं तर माणूस अजून खाली जातो, हे अगदी नक्की. आपल्याकडं मायेनं जो शब्द सगळ्यात आधी तोंडात येतो, आराम कर, तोच इथं सगळ्यात जास्त नुकसान करतो.

दवाखान्यातून निघायच्या आधी

बिल, पैशाची जुळवाजुळव, गाडी, या गडबडीत लोक डिस्चार्ज कार्ड घेतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि निघतात. तसं करू नका. एक जण फक्त या कामाला ठेवा, शक्यतो तोच जो घरी पेशंटजवळ राहणार आहे, आणि त्यानं वही-पेन घेऊन डॉक्टरजवळ नाहीतर सिस्टरजवळ बसायचं.

पहिला विषय औषधांचा. आयसीयूत झोपेची, बेचैनीची, ॲसिडिटीची औषधं सुरू झालेली असतात आणि कित्येकदा ती तशीच घरी येतात, महिनोन् महिने चालू राहतात. उलट बाजूनं, पेशंटची आधीची बीपीची गोळी, थायरॉईडची गोळी तिथं बंद केलेली असते आणि परत सुरू करायचं सगळेच विसरतात. म्हणून घरातली जुनी औषधं पिशवीत घालून न्या, समोर ठेवा, आणि एकेक पट्टी हातात धरून विचारा की ही चालू का बंद, किती दिवस, कशासाठी. स्टेरॉईड चालू असेल तर ते एकदम बंद करायचं नसतं, कसं कमी करायचं ते लिहून घ्या, आणि त्यानं साखर वाढते म्हणून शुगर कधी तपासायची तेही.

दुसरं म्हणजे हातानं करायची कामं. नाकातली नळी असेल, लघवीची पिशवी असेल, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्राची) नळी असेल तर तिची सफाई, सक्शन म्हणजे मशीननं कफ ओढून काढणं, ड्रेसिंग हे सिस्टरनं एकदा करून दाखवायचं आणि दुसऱ्यांदा तुम्ही तिच्यासमोर करायचं. नुसतं बघून येत नाही. व्यायामाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, फिजिओला विचारून काढा, नाही म्हणत नाही कोणी. नळी कधी बदलायची, कधी काढायची, ती तारीख लिहून घ्या, कारण लघवीची नळी विसरून राहिली की इन्फेक्शन ठरलेलं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला निघायच्या आधीच भेटा, या आजारात पुढची तपासणी योजनेत बसते का, कोणते कागद लागतील, हे तेव्हाच विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, म्हणजे परत ॲडमिट करायची वेळ आली तर उपयोगाला येतं. सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स काढा, मूळ कागद एका फाईलमध्ये ठेवा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

घर तयार ठेवा

पेशंट यायच्या आधी पलंग बघा. आपल्याकडं बाज असते, झोपायला थंडगार, पण या पेशंटला बाज चालत नाही कारण मधे झोळ पडतो, कूस बदलता येत नाही आणि कडेला बसलं की माणूस मागं घसरतो. लाकडी दिवाण घ्या, त्याखाली विटा लावून उंची अशी करा की कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील. विटा लावल्यावर हलवून बघा, डुगडुगायला नको.

संडास हा सगळ्यात मोठा प्रश्न. खाली बसायचा संडास असेल तर पहिले काही महिने तिथं बसून उठणं जमत नाही, आणि घरातली पहिली पडझड तिथंच होते. कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, भाड्यानंही मिळते, नाहीतर प्लास्टिकच्या भक्कम खुर्चीला मधे कापून करतात लोक, चालतं, फक्त कडा घासून गुळगुळीत करा. रात्रीचा दिवा चालू ठेवा, उंबऱ्याजवळ पायपुसणं ठेवू नका, ओल्या फरशीवर चालवू नका.

ऑक्सिजन मशीन लागणार असेल तर लाईटचा विचार आधी. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट खातं, घरचा इन्व्हर्टर किती वेळ चालवेल ते वायरमनला विचारा, आणि एक भरलेला सिलिंडर ठेवाच. बी टाईप सिलिंडरमध्ये अंदाजे १५०० लिटर गॅस असतो, म्हणजे मिनिटाला २ लिटरवर चालवलात तर १२ तासांच्या आसपास, ४ लिटरवर ६ तास. आमच्याकडं पावसाळ्यात तार तुटली की रात्रभर लाईट येत नाही, तेव्हा हा हिशोब आधी करून ठेवलेला बरा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत चूल, उदबत्ती, देवाचा दिवा, बिडी, काहीही पेटतं ठेवायचं नाही, देवघर त्याच खोलीत असेल तर पेशंटची खोली बदला.

उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपारी पेशंट भाजून निघतो. कूलर, पत्र्यावर कडबा किंवा गोणपाट, जे जमेल ते करा, आणि हार्ट किंवा किडनीमुळं डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर थोडं थोडं पाणी सारखं देत राहा.

पहिले आठ-दहा दिवस

जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर २ तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. पाळी लावून घ्या घरात, एकट्या सुनेवर नाहीतर एकट्या बायकोवर टाकू नका. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू रोज उजेडात बघा. एखादी जागा लाल झाली आणि दाबल्यावर पांढरी होत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात आहे, तिथं चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही, पावडर भरायची नाही, फक्त त्या जागेवरचा भार काढायचा. टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्या. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, ते मशीन लावलं म्हणजे काम संपलं असं नाही.

पायाचे पंजे पुढं लोंबकळू देऊ नका. घोट्यातून पंजा वरखाली करणं हा पहिला व्यायाम, पेशंट स्वतः करू शकत असेल तर त्यानं, नसेल तर तुम्ही हळू करायचा, दिवसातून तीन-चारदा. तसंच खांदे, कोपर, बोटं. मूठ उघडता-मिटता आली पाहिजे, चमचा धरायचा आहे ना पुढं.

बसणं, उठणं, चालणं

क्रम असा आहे आणि उडी मारायची नाही: पलंगावर टेकून बसणं, मग पाय खाली सोडून कडेला बसणं, मग धरून उभं राहणं, मग जागेवर पाय उचलणं, मग पलंगापासून दारापर्यंत, मग अंगण. एक पायरी दोन दिवस सहज जमली की पुढची.

कडेला बसवताना आधी कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि मग खांद्याला आधार देऊन उठवा. दोन्ही हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. बसल्यावर एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या, बीपी खाली येऊन चक्कर येते, डोळ्यापुढं अंधारी आली तर परत आडवं करा आणि थोड्या वेळानं परत प्रयत्न करा.

औसा तालुक्यातल्या एका गावात न्यूमोनियातून वाचलेले एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. घरात सगळे त्यांना "उगं पडून ऱ्हावा, आता काय करायचंय उठून" म्हणायचे, आणि मी गेले की आजी म्हणायच्या "कशाला त्रास द्यायलाव म्हाताऱ्याला". मी त्यांना खुर्चीच्या कडेला आणलं, पाय थोडे मागं घेतले, दोन्ही तळवे मांडीवर ठेवायला लावले आणि सांगितलं नाक गुडघ्यांच्या पुढं न्या आणि मग उठा. पहिल्यांदा बूड फक्त चार बोटं उचललं आणि धपकन बसले. मांड्या थरथरत होत्या, धोतराच्या सोग्यातून दिसत होतं. मी म्हटलं झालं आजचं, एवढंच. उद्या परत चार बोटं. हळूहळू तेच आजोबा स्वतः उठून माठापर्यंत जाऊन पाणी प्यायला लागले, आणि मग आजीच शेजारच्यांना सांगायला लागल्या की उठवा तुमच्या माणसाला.

हा खुर्चीवरून उठ-बसीचा व्यायाम सगळ्यात जास्त उपयोगाचा आहे. सुरुवातीला दिवसातून तीन वेळा, दर वेळी दोन-तीनदा, मग वाढवत पाचदा, दहादा. किती करायचं याचं साधं माप म्हणजे करताना पेशंटला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले की थांबा. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम सुटून अंग गार पडलं, किंवा बोटावरच्या मशीनमध्ये ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेला तर ताबडतोब थांबायचं. आणि दुसऱ्या दिवशी माणूस इतका गळून गेला की रोजचंही जमेना, तर काल जास्त झालं असं समजून निम्म्यावर या, बंद मात्र करू नका.

फॅक्चर झालेलं असेल, ऑपरेशन झालेलं असेल, हार्ट अटॅक असेल तर किती भार द्यायचा, किती चालवायचं हे त्या-त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वरचं काहीच सुरू करू नका.

खायला काय आणि कसं

स्नायू परत भरायला प्रोटीन लागतं. सावरण्याच्या काळात साधारण वजनाच्या दर किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा बदलतो, डॉक्टरांना विचारा. आपल्या घरात पेशंट म्हणजे साबुदाण्याची खीर, भाताची पेज, नारळपाणी, ग्लुकोज बिस्किटं. यातल्या कशातही म्हणावं असं प्रोटीन नाही, आणि महिनाभर माणूस पेजेवर ठेवला तर मांडी भरणार कशानं?

आपल्याच जेवणातून कसं जमतं ते बघा. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, दोन ग्लास दूध १५ च्या आसपास, तुरीच्या घट्ट वरणाच्या दोन वाट्या १२-१३, ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी १४-१५, मटकीची उसळ वाटीभर ७, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ४. झाले की ७० च्या वर. घरात माळकरी असतील, अंडं चालत नसेल, तर सोयाबीनच्या वड्या घ्या, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रोटीन असतं, आणि लातूरच्या बाजारात सोयाबीनला काय तोटा. वरणाचं नुसतं वरचं पाणी देऊ नका, सगळी डाळ खाली राहते. भाकरी वरणात नाहीतर येसराच्या आमटीत चांगली कुस्करून द्या, तिखट कमी करा. एका वेळी खाणं होत नाही तर दिवसात सहा वेळा द्या. तोंडाला चव नसणं, सगळं कडू लागणं हे काही आठवडे राहतं, त्यावरून भांडू नका, लोणच्याचा खार, लिंबू, दही यानं चार घास जास्त जातात. प्रोटीन पावडरच्या डब्यावर हजार-दीड हजार घालायच्या आधी हे सगळं करून बघा, पावडर वाईट नाही पण ती जेवणाच्या जागी नाही.

कसं खायचं हे त्याहून महत्त्वाचं. व्हेंटिलेटरची नळी घशात राहिलेली असते त्यामुळं गिळण्याची क्रिया बिघडते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यातून परत न्यूमोनिया होतो. म्हणून झोपवून एक घोटसुद्धा पाजायचा नाही. ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, एक घास गिळला याची खात्री झाल्यावर दुसरा, टीव्ही बंद, बोलणं बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पातळ पाणी सगळ्यात अवघड असतं, आणि नेमकं तेच सगळे आधी पाजतात. पाणी पिताना खोकला येतो, जेवल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो, डोळ्यात पाणी येतं, ही लक्षणं दिसली तर तोंडानं देणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. काहींना तर अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकलाच येत नाही, नुसता संध्याकाळी ताप येतो, तेवढं लक्षात ठेवा. दात आणि जीभ दोन वेळा स्वच्छ करा, तोंडातले जंतूच खाली उतरतात.

नाकातल्या नळीनं देत असाल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, गाळलेलं, कोमट, सावकाश, शेवटी थोडं पाणी सोडून नळी धुवायची, आणि नळी बाहेर सरकलीय असं वाटलं तर काहीही सोडायचं नाही.

श्वास आणि आवाज

आवाज बसलेला असणं सुरुवातीला साहजिक आहे, तीन-चार आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. नळी जिथं घासलेली असते तिथं श्वासनलिका पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत आकसू शकते, आणि मग चालताना दम, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, लोक त्याला दमा समजून पंप देत बसतात. व्हेंटिलेटरवर राहून आलेल्या माणसाला नव्यानं दमा लागला असं कोणी म्हणालं तर डॉक्टरांना नळीची गोष्ट आठवणीनं सांगा.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्या, पण मेंदी, नेलपॉलिश, गार बोटं यानं आकडा चुकतो, बोट चोळून गरम करून मग लावा. बहुतेकांना ९२ ते ९६ बघायचं असतं, जुना सीओपीडी (फुफ्फुसाचा दम लागणारा जुनाट आजार) असलेल्यांना ८८ ते ९२, तुमच्या पेशंटचा आकडा विचारून भिंतीवर लिहा. आकडा कमी दिसला म्हणून मनानं ऑक्सिजन वाढवत जाऊ नका.

डोक्यात काय चाललंय

आयसीयूत कित्येक पेशंटना भ्रम होतो, व्हेंटिलेटरवरच्यांना तर फारच. दिवस-रात्र कळत नाही, हात बांधलेले असतात, मशीनचे आवाज, आणि त्यात औषधांची गुंगी. त्यामुळं घरी आल्यावर पेशंट सांगतो की मला तिथं मारत होते, भिंतीतून माणसं यायची, तुम्ही मला विकून टाकलं होतं. ते त्याच्यासाठी खरं घडलेलं असतं. त्याला हसू नका, वेड लागलं म्हणू नका, आणि बाहेरचं काही झालंय म्हणून उतारे करत बसू नका, त्यात दिवस जातात आणि माणूस अजून घाबरतो. शांतपणे सांगा की तू फार आजारी होतास, औषधांनी असं दिसतं, आम्ही रोज बाहेर बसलेलो होतो.

यावर एक सोपा उपाय आहे. काही देशांत आयसीयूतल्या सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटसाठी रोजची डायरी लिहितात. माणूस अजून आत असेल तर आजच वही सुरू करा: आज अमुक तारीख, तू बेशुद्ध होतास, मामा आले होते, आज नळी काढली, आज डोळे उघडलेस. घरी आल्यावर पेशंटनं विचारलं की त्याच्यासोबत बसून वाचा. मधले हरवलेले दिवस जोडले जातात. त्याची इच्छा नसेल तर आग्रह करू नका.

विसरभोळेपणा, हिशोब न जमणं, एका जागी लक्ष न लागणं हे महिनोन् महिने राहू शकतं. भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ लावा, चष्मा आणि कानाचं मशीन जवळ ठेवा, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री अंधार, म्हणजे झोपेची घडी बसते. या काळात जमिनीच्या कागदावर, बँकेच्या कागदावर सही घ्यायची घाई करू नका, हे मी मुद्दाम लिहितेय कारण घरोघर हेच चालू असतं. उदासपणा, रडू, जगून काय करू असं बोलणं दोन आठवड्यांच्या वर राहिलं तर थांबू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळतात, नखांवर आडव्या रेघा येतात. बायका फार घाबरतात याला. मोठ्या आजारानंतर होतं असं, केस परत येतात.

भेटायला येणारे

आपल्याकडं पेशंटला भेटायला न जाणं म्हणजे नात्यात गाठ पडणं, त्यामुळं पहिल्या आठवड्यात गावच्या गाव येऊन जातं. एका वेळी दोघंच, दहा मिनिटं, हात धुऊन, सर्दी-खोकलेवाल्यानं अंगणातूनच नमस्कार, असं घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यानं दारात बसून सांगायचं, सुनेनं सांगितलं तर ऐकत नाहीत. आणि पेशंटसमोर अमक्याला हेच झालं होतं, तो गेला, ही गोष्ट कोणी सुरू केली की मधेच तोडा.

फवारणीची विषबाधा आणि सर्पदंश

आपल्या भागातले हे दोन वेगळे प्रकार. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतून वाचलेल्या काहींना दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत कळा, पायाला मुंग्या आणि मग पंजा लुळा पडणं असा त्रास सुरू होतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. अशक्तपणा नाही, नसांवर परिणाम आहे, लगेच दाखवा. आणि फवारणीचं औषध मुद्दाम पिऊन घेतलेलं असेल तर माणूस घरी यायच्या आधी घरातली आणि शेतातल्या कोठ्यावरची सगळी औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. का केलंस असं चारचौघांत विचारू नका, मानसोपचाराची तारीख चुकवू नका, पहिले काही महिने त्याला एकटं सोडू नका.

साप चावून आलेल्याची किडनी नंतरही तपासावी लागते, लघवी कमी झाली किंवा तोंड-पाय सुजले तर वाट बघू नका.

१०८ ला फोन कधी

धाप वाढली, ओठ निळे पडले, छातीत दुखलं, एकदम बरळायला लागला किंवा उठवूनही उठेना, ताप येऊन थंडी वाजून हातपाय गार पडले, दिवसभरात लघवी झाली नाही, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, गळ्यातली नळी बंद पडली. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ द्या म्हणू नका. इन्फेक्शन परत उलटण्याची भीती पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत फाईल आणि चालू गोळ्यांची पिशवी दारात आणून ठेवा.

फिजिओथेरपीसाठी दर वेळी मोठ्या शहरात जायची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात विचारा, म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी. आठवड्यातून एकदा दाखवून पुढचा व्यायाम शिकून घ्यायचा आणि रोजचा घरी करायचा, असं केलं तरी खूप होतं. आशाताईला घरी पेशंट आहे हे सांगून ठेवा, बीपी-शुगरसाठी उपकेंद्रातून मदत होते.

सांभाळणाऱ्या माणसाचं

बहुतेक घरात ही एकच बाई असते. ती झोपत नाही, तिचं जेवण राहतं, आणि तिला कसं आहेस हे कोणी विचारत नाही, सगळे पेशंटचंच विचारतात. आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कोणी तरी जागायचं हे घरात बसून ठरवा, नावासकट ठरवा. तिची स्वतःची बीपीची गोळी चालू आहे का बघा. मुंबई-पुण्याला असणाऱ्या लेकरांनी पैसे पाठवून भागत नाही, चार दिवस येऊन पाळी घ्या.

कामावर परत

गाडी चालवायला घाई नको. ब्रेक जोरात दाबता येतो का, मान वळवून मागं बघता येतं का, आणि डोकं सावध आहे का, हे तिन्ही जमल्यावर डॉक्टरांना विचारून मग. शेतात आधी नुसतं जाऊन बसायचं, मग पाणी धरणं, राखण, मग हलकं काम. भरलेला फवारणीचा पंप वीस किलोच्या आसपास जातो, तो पाठीवर घेणं सगळ्यात शेवटी, आणि विषबाधा झालेल्यानं डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय फवारणीच्या रानातही जायचं नाही.

उपचार कसे करावेत याच्या सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाईस संस्थेनं २००९ मध्येच सांगून ठेवलंय की आयसीयूतून निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पेशंटची पूर्ण तपासणी परत व्हावी. आपल्याकडं त्यासाठी फोन करून कोणी बोलवत नाही, म्हणून ती तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहा. जाताना हे नेमके प्रश्न न्या: खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठता येतं, वजन किती वाढलं, गिळायला त्रास आहे का, झोप किती, विसरायला किती होतं, आणि कोणत्या गोळ्या आता बंद करता येतील.